मजकूर आपला, आवार परक्याचे

जुलै २०२४ मध्ये 'कू' ही भारतीय समाजमाध्यम सेवा बंद झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय होती. मंत्र्यांनी आणि सरकारी खात्यांनी तिचे स्वागत केले होते, आणि परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला मिळालेले हे स्वदेशी उत्तर होय, असे उत्साहाने सांगितले गेले होते. चार वर्षांत ते उत्तर संपुष्टात आले. कंपनी बंद पडली यात नवल नाही; व्यापारात कंपन्या निघतात आणि मोडतात. चिंतेची बाब निराळी आहे. तेथे लिहिणाऱ्यांनी जमवलेला वाचकवर्ग, त्यांच्यातील संवाद आणि प्रश्नोत्तरे हे सारे कंपनीच्या आवारात होते. आवाराला कुलूप लागले तेव्हा हा ठेवा दुसरीकडे जसाच्या तसा हलवण्याची वाट कोणापाशी नव्हती.

हा अनुभव पहिला नव्हे. याहूच्या मालकीची 'जिओसिटीज' २००९ मध्ये बंद झाली. भारतातील एका पिढीने ज्यावर पहिल्यांदा ओळखीपाळखी जोडल्या ते 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबले. 'गुगल प्लस' एप्रिल २०१९ मध्ये मिटले. त्याच वर्षी 'मायस्पेस'ने, पूर्वी चढवलेले वर्षानुवर्षांचे संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याची कबुली दिली. यांतील एकही कंपनी भांडवलाने किंवा तंत्राने दुबळ्या घरची नव्हती. तेव्हा मालक देशी की विदेशी, श्रीमंत की गरीब, हा प्रश्न दुय्यम ठरतो. मजकूर आणि वाचक यांच्यामधील वाट एकाच मालकाच्या अंगणातून जावी काय, हा मूळ प्रश्न आहे. जगातील काही तंत्रज्ञ आणि संस्था गेली काही वर्षे त्याचे नकारार्थी उत्तर देत आहेत. त्या उत्तराला 'विकेंद्रित समाजमाध्यमे' असे नाव आहे. मराठी शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि बाजार समित्या यांच्याशी त्याचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे.

साप्ताहिक आपले, टपाल सर्वांचे

विकेंद्रीकरणाची कल्पना समजण्यासाठी संगणकशास्त्राची गरज नाही. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक काढले. साप्ताहिक त्यांचे होते, पण ते वाचकाच्या दारापर्यंत नेणारी टपाल यंत्रणा सर्वांची होती. संपादकाने मजकूर काय छापावा हे टपालखाते ठरवीत नव्हते, आणि वर्गणीदारांची यादी संपादकापाशी असे. एक छापखाना सोडून दुसऱ्याकडे गेले तरी वर्गणीदार गमावण्याचे कारण नव्हते. देशादेशांच्या बाबतीतही हेच घडले. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून जागतिक टपाल संघ उभा राहिला. प्रत्येक देशाचे टपालखाते स्वतंत्र राहिले, तिकिटे निराळी राहिली. परंतु पत्र एकमेकांकडे सोपवण्याचे नियम समान झाले. जळगावच्या पेटीत टाकलेले पत्र लंडनला पोचते ते या समान नियमांमुळे, कोणा एका जगड्व्याळ कंपनीमुळे नव्हे.

विकेंद्रित समाजमाध्यमे याच तत्त्वावर चालतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी 'ॲक्टिव्हिटीपब' या नियमसंहितेला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ती पाळणारा कोणताही सर्व्हर दुसऱ्या कोणत्याही सर्व्हरकडे मजकूर पाठवू शकतो व त्याच्याकडून घेऊ शकतो. २०१६ मध्ये सुरू झालेली 'मास्टोडॉन' ही यातील सर्वांत परिचित प्रणाली. चित्रांसाठी 'पिक्सेलफेड', चित्रफितींसाठी 'पीअरट्यूब', कार्यक्रमांसाठी 'मोबिलिझॉन' अशा तिच्या सोबतिणीही आहेत. सर्व्हर निरनिराळ्या संस्थांचे. एकाचा वाचक दुसऱ्यावरील लेखकाचा अनुयायी होऊ शकतो.

भारतात हे नाव प्रथम गाजले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते त्याआधी स्थगित झाले होते. १९३६ साली हॅम्बर्गच्या गोदीत जमावाबरोबर नाझी सलाम न करणाऱ्या एका कामगाराचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांच्या खात्यावर होते, हे त्याचे निमित्त. त्यावर रागावून हजारो भारतीय मास्टोडॉनकडे गेले. तो ओघ टिकला नाही. रागाने घर सोडणारा माणूस राग ओसरल्यावर परततो, हे एक कारण. दुसरे कारण अर्थशास्त्राचे आहे. ज्या बाजारात गिऱ्हाईक आहे तेथेच दुकानदार जातो, आणि जेथे दुकाने आहेत तेथेच गिऱ्हाईक येते. जमलेला बाजार उठवून दुसरीकडे नेण्याचा खर्च एकट्यादुकट्याला परवडत नाही.

मूळ घर संकेतस्थळ

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग गेल्या काही वर्षांत पुढे आला. लोकांनी नव्या माध्यमात जाऊन नव्याने लिहावे असा आग्रह धरण्याऐवजी, संस्थेच्या आज असलेल्या संकेतस्थळालाच त्या जाळ्याचा घटक करावयाचे. 'वर्डप्रेस' या प्रणालीसाठी असे जोडसाधन पूर्वीच तयार झाले होते. मार्च २०२३ मध्ये 'ऑटोमॅटिक' या कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या वर्डप्रेस सेवेवरील संकेतस्थळांना ते खुले केले. 'ड्रुपल' या दुसऱ्या प्रणालीसाठीही असे साधन आहे. त्यात संकेतस्थळावरील मजकुराच्या कोणत्या प्रकाराचे जाळ्यावरील कोणत्या प्रकारात रूपांतर करावे, हे चालकाला ठरवता येते. मराठीच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण १९९६ पासून चालत आलेली 'मायबोली' व तिच्यानंतरची 'मिसळपाव' यांसारखी मराठी संकेतस्थळे ड्रुपलवरच उभी आहेत. परदेशस्थ मराठी माणसाने सुरू केलेले 'मायबोली' ऑर्कुटच्या आधी जन्मले आणि ऑर्कुट गेल्यावरही राहिले. स्वतःच्या आवाराचे मोल यातून कळते.

अशा रीतीने संकेतस्थळ हेच मूळ घर राहते आणि तेथून मजकूर गावोगाव जातो. परंतु 'रूपांतर' हा शब्द येथे सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. खरी गोम तेथेच आहे.

मेहरूणच्या वाचनालयाचे उदाहरण

तलावासाठी आणि बोरांसाठी खानदेशात ओळखले जाणारे मेहरूण आता जळगाव शहरातच सामावले आहे. तेथील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ आहे, अशी कल्पना करावी. त्यावर चार प्रकारचा मजकूर आहे. तलावाच्या इतिहासावरचा दीर्घ लेख. येत्या रविवारच्या व्याख्यानाची सूचना. शेतकरी सभासदांसाठी दर आठवड्याला दिला जाणारा बाजारभावांचा तक्ता. आणि जुन्या छायाचित्रांचा संग्रह. ग्रंथपालाने जोडसाधन बसवले आणि चारही गोष्टी जाळ्यावर पाठवल्या. पलीकडे काय पोचते?

ॲक्टिव्हिटीपब ज्या शब्दसंग्रहावर आधारलेली आहे त्यात मजकुराचे प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. परिच्छेदापेक्षा लहान असे 'टिपण', अनेक परिच्छेदांचा 'लेख', शिवाय 'कार्यक्रम', 'चित्र', 'चित्रफीत', 'ध्वनी', 'पान' असे ते प्रकार होत. पाठवणाऱ्याने खरा प्रकार सांगितला तरी घेणारा तो समजून घेईलच असे मात्र नाही. मास्टोडॉनच्या स्वतःच्या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे टिपण आणि प्रश्नावली हे दोन प्रकार ती पूर्णपणे हाताळते. लेख, पान, चित्र, ध्वनी, चित्रफीत व कार्यक्रम यांचे ती जमेल तितपत रूपांतर करते, म्हणजे जो मजकूर सापडेल तो, नाहीतर नुसते शीर्षक, आणि खाली मूळ पत्ता.

परिणाम काय होतो हे पाहण्यासारखे आहे. तलावावरचा लेख 'लेख' म्हणून पाठवला तर वाचकाला बहुधा शीर्षक, थोडा सारांश आणि पत्ता दिसतो. 'टिपण' म्हणून पाठवला तर मजकूर दिसतो, पण अनेक पानांचा लेख आणि दोन ओळींची सूचना यांतील भेद पुसला जातो. व्याख्यानाच्या सूचनेत दिनांक, वेळ आणि स्थळ हे स्वतंत्र रकान्यांत भरलेले असतात; घेणाऱ्या प्रणालीला ते रकाने ठाऊक नसतील तर 'व्याख्यान' एवढाच शब्द पोचतो आणि रविवार मागे राहतो. बाजारभावांचा तक्ता तर सर्वांत दुर्दैवी. सुरक्षिततेसाठी मास्टोडॉन येणाऱ्या मजकुराची रचना तपासून मोजक्याच खुणा शिल्लक ठेवते. परिच्छेद, दुवे, ठळक अक्षर, याद्या या टिकतात, तक्त्याच्या उभ्या-आडव्या ओळी टिकत नाहीत. किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव तीन रकान्यांत होते. ते एकापाठोपाठ लागून तीन निव्वळ आकडे होतात. त्यांतील किमान कोणता आणि सरासरी कोणता हे ज्याला कळत नाही, त्या शेतकऱ्याचे नुकसान आकडा न कळण्यापेक्षा आकडा चुकीचा कळल्याने अधिक होते.

मजकूर मागे घेण्याची आणि दुरुस्त करण्याची अडचणही अशीच. नियमसंहितेत दुरुस्तीचा आणि रद्द करण्याचा संदेश पाठवण्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोचलेली प्रत काढून टाकली जाईलच, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. छापून वाटलेले पत्रक परत गोळा करता येत नाही, तसेच हे आहे.

बहिणाबाईंचा दाखला

रूपांतरात काही हरवते एवढ्यावरून रूपांतरच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. याचा दाखला खानदेशातच आहे. आसोद्याच्या लेकीने, जळगावच्या सुनेने, शेतात आणि जात्यावर गाणी रचली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी त्यातील काही गाणी वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि पुढील वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' पुस्तकरूपाने आली. मुखातून वहीत आणि वहीतून छापील पानावर अशी दोन रूपांतरे झाली. जात्याची लय गेली, गळा गेला, जी गाणी उतरवली गेली नाहीत ती कायमची गेली. पण जे रूपांतर झाले त्यामुळे एका घरातील धन साऱ्या मराठीचे झाले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव मिळाले, तेही या रूपांतराचेच दूरचे फळ.

हे रूपांतर साधले त्याचे कारण ते करणाऱ्यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. त्यांना गाणेही कळत होते आणि लेखणीही. त्यांनी बोलीची साफसफाई करून तिला पुस्तकी मराठी बनवले नाही. खानदेशी बोली छापील पानावरही बोलीच राहिली. काय सोडावे लागेल आणि काय सोडता कामा नये, हा विवेक त्यांच्यापाशी होता. यंत्राकडून होणाऱ्या रूपांतरात हा विवेक आपोआप येत नाही. कोणीतरी आधी तो नियमांत घालावा लागतो. तो मराठी जाणणाऱ्याने घातला नाही, तर मराठी न जाणणाऱ्याने ठरवलेला नियम लागू होतो.

मराठीने याची किंमत एकदा मोजलेली आहे. आंतरजालाच्या पहिल्या पर्वात निरनिराळ्या मराठी संकेतस्थळांनी आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरले. एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोड ही समान व्यवस्था रुळली तेव्हा हा घोटाळा मिटला; पण ज्यांनी जुना मजकूर वेळेवर रूपांतरित केला नाही त्यांचा तो मजकूर शोधयंत्राला आणि नव्या वाचकाला जवळजवळ नाहीसा झाला.

नव्या व्यवस्थेतही अशा बारीक जागा आहेत. ॲक्टिव्हिटीपबच्या मजकुराबरोबर त्याची भाषा सांगता येते. मराठीची खूण न घातल्यास तोच देवनागरी मजकूर हिंदी समजला जाण्याचा संभव असतो, आणि मराठी वळणाच्या 'ल' व 'श' ऐवजी हिंदी वळणाची अक्षरे दिसू शकतात. अक्षरे मोजण्याची रीतही इंग्रजीला सोयीची. वाचकाला 'विद्यार्थी' या शब्दात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने काना, वेलांटी, हलन्त धरून ती दहा चिन्हे होतात. मोबाइलवरील साधा संदेश इंग्रजीत १६० चिन्हांचा आणि देवनागरीत ७० चिन्हांचा, ही गोष्ट कार्यालयातून सूचना पाठवणाऱ्या प्रत्येक लिपिकाला परिचित आहे. ज्या भाषेचे लोक नियम ठरवण्याच्या वेळी हजर नसतात, त्या भाषेला नियमांचा भाडेपट्टा महाग पडतो.

रुळांची रुंदी

रूपांतराचा खर्च कोण सोसतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. पाचोरा–जामनेर ही छोटी रेल्वे पाऊण शतकाहून अधिक काळ खानदेशात धावली. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट, आणि पाचोऱ्याहून जाणाऱ्या मुख्य मार्गाची साडेपाच फूट. साहजिकच या गाडीचा डबा मुख्य मार्गावर चढू शकत नव्हता. पाचोऱ्याला माल आणि माणसे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावी लागत. या चढउतारीचा खर्च मोठ्या रेल्वेने कधी सोसला नाही. तो छोट्या मार्गावरच्या गावांनी वेळ, मजुरी आणि नासधूस या रूपांत सोसला. ही गाडी २०२० मध्ये थांबली आणि तो मार्ग रुंद करण्याचे ठरले.

समाजमाध्यमांच्या जगातही रुंदीचा हा भेद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुली झालेली 'ब्लूस्काय' ही सेवा मास्टोडॉनहून निराळ्या नियमसंहितेवर चालते. दोहोंमध्ये पूल बांधावे लागतात आणि प्रत्येक पुलावर थोडा माल सांडतो. मोठ्या कंपन्या आपल्या भिंती ठेवतात आणि बाहेरच्याने आपल्या मापाचे व्हावे अशी अपेक्षा करतात. वाचनालयाचा ग्रंथपाल एकच सूचना एकदा फेसबुकसाठी, एकदा व्हॉट्सॲपसाठी, एकदा संकेतस्थळासाठी नव्याने लिहितो, तेव्हा पाचोऱ्याच्या फलाटावरील हमालीच तो करीत असतो. समान मापाचा लाभ असा की मजकूर एकदाच भरावा आणि तो सर्वत्र जावा. हा लाभ सर्वांचा असल्याने त्यासाठी पदरमोड करण्यास कोणी एकटा पुढे येत नाही. सार्वजनिक वस्तूंचे हे जुनेच दुखणे आहे. त्यावर उपायही जुनाच: सामाईक प्रयत्न किंवा शासनाचा नियम.

आक्षेप आणि त्यांचे वजन

विकेंद्रित व्यवस्थेचे समर्थक तिच्या अडचणी झाकून ठेवतात, हा आरोप पुष्कळदा खरा असतो. पहिली अडचण चालवण्याची. युरोपीय संघाने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या संस्थांसाठी मास्टोडॉनवर आधारित 'ईयू व्हॉइस' हा प्रयोग सुरू केला आणि मे २०२४ मध्ये थांबवला. तो पुढे सांभाळण्याची जबाबदारी घेणारी संस्था मिळाली नाही. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलाने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. युरोपीय संघाला जे जड गेले ते तालुक्याच्या ग्रंथालयाला सोपे जाईल, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण जबाबदारीची. द्वेषपूर्ण किंवा खोटा मजकूर आल्यास तो काढायचा कोणी? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर अधिक बंधने घातली आहेत. परंतु तक्रार अधिकारी नेमण्यासारखी मूलभूत कर्तव्ये लहान मध्यस्थालाही चुकत नाहीत. जो इतरांना खाती देतो त्याच्यावर हे ओझे येते. तिसरी अडचण मोठ्या माशाची. मेटा कंपनीने 'थ्रेड्स'ला मार्च २०२४ पासून काही देशांत ॲक्टिव्हिटीपबशी जोडण्यास आरंभ केला. याचे स्वागत झाले तसे भयही व्यक्त झाले. २००५ मध्ये आलेल्या 'गुगल टॉक'ने असाच एक खुला नियम स्वीकारला होता. २०१३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सेवेत इतरांच्या सर्व्हरशी असलेला तो संबंध सोडून देण्यात आला. बलवान सभासद पंचायतीत येतो तेव्हा तो नियमांसाठी आला की नियम बदलण्यासाठी, हे लगेच कळत नाही.

हे तिन्ही आक्षेप वजनदार आहेत. त्यांतून सिद्ध होते ते एवढेच की प्रत्येक संस्थेने स्वतःचा समाजमाध्यम सर्व्हर काढू नये. संस्थेने स्वतःचे संकेतस्थळ ठेवू नये किंवा त्यावरील मजकूर समान नियमाने बाहेर पाठवू नये, असे मात्र त्यांतून मुळीच सिद्ध होत नाही. इतरांना खाती देणे आणि स्वतःचा मजकूर पाठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली खाणावळ चालवण्यासारखी, दुसरी घरची भाकरी शेजाऱ्याला देण्यासारखी.

पैशाला जो न्याय, तो शब्दाला का नाही?

भारताने परस्परसंचाराचे तत्त्व इतर क्षेत्रांत धाडसाने राबवले आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. २०१६ मध्ये आलेल्या 'यूपीआय'ने एका बँकेच्या खातेदाराला दुसऱ्या बँकेच्या खातेदाराशी, एका ॲपच्या वापरकर्त्याला दुसऱ्या ॲपच्या वापरकर्त्याशी व्यवहार करता येईल अशी समान वाट बांधली. चहाच्या टपरीवरचा दुकानदार गिऱ्हाइकाला 'तुमचे ॲप कोणते?' असे विचारीत नाही. ही सोय बाजाराने आपण होऊन दिली नाही. ती सार्वजनिक निर्णयातून आली.

माहितीच्या बाबतीत मात्र पाऊल मागे पडले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात नागरिकाला आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात हा हक्क उरला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल मेटाला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि प्रकरण अपिलात गेले. दंड हा झालेल्या गैरवर्तनावरचा उपाय. त्याने वापरकर्त्याला बाहेर पडण्याचे दार मिळत नाही. युरोपात डिजिटल बाजार कायद्याची बंधने ७ मार्च २०२४ पासून लागू झाली. त्यानुसार व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या संदेशसेवेला, मागणी आल्यास, इतर सेवांशी जोडणी करून द्यावी लागते. भारतासारख्या मोठ्या बाजारपेठेला असे मागता येणार नाही, असे मानण्यात आत्मविश्वासाचा अभाव आहे.

हाताशी असलेले काम

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सार्वजनिक संस्थांना करण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली गोष्ट, मूळ प्रत स्वतःच्या संकेतस्थळावर असावी आणि समाजमाध्यमावर तिची प्रत जावी. याच्या उलट कधीही नव्हे. शाळेची प्रवेशसूचना किंवा ग्रामपंचायतीची जाहीर नोटीस केवळ एखाद्या कंपनीच्या समूहात टाकून कर्तव्य संपले असे मानू नये. संकेतनामाचे वार्षिक शुल्क एखाद-दोन मासिकांच्या वर्गणीइतके असते. अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे.

दुसरी गोष्ट, मजकूर भरताना त्याचा प्रकार ओळखून भरावा. कार्यक्रमाचा दिनांक आणि स्थळ रकान्यात तर असावेच, पण मजकुराच्या पहिल्या वाक्यातही असावे, म्हणजे रकाना गळाला तरी रविवार गळणार नाही. तक्त्यातील प्रत्येक आकड्याचे एक पूर्ण वाक्य व्हावे: अमुक मालाचा किमान भाव इतका, कमाल इतका. छायाचित्राला वर्णन द्यावे. ते अंध वाचकालाही उपयोगी पडते. मराठीची भाषाखूण घालावी. दीर्घ लेखाबरोबर लेखकानेच लिहिलेला चार ओळींचा सारांश द्यावा. नाहीतर यंत्र पहिल्या चार ओळी कापून त्यालाच सारांश म्हणते.

तिसरी गोष्ट सामाईक प्रयत्नाची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना जोडणाऱ्या विद्यापीठाने एक सर्व्हर चालवणे, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयांच्या व वाचनालयांच्या संकेतस्थळांना जोडसाधने बसवून देणे आणि मराठी मजकुराच्या रूपांतराचे नियम तयार करणे, हे अशक्य कोटीतील काम नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. त्या काळी ज्ञान पुस्तकाच्या कपाटात होते. आज त्याच तत्त्वाचा विस्तार संकेतस्थळापर्यंत होण्यास हरकत नसावी. आणि जोडसाधनांची सामग्री खुली असल्याने तक्ता नीट न पोचण्यासारखा दोष मराठी तंत्रज्ञाला केवळ दाखवताच येतो असे नव्हे, दुरुस्तही करता येतो. खासगी कंपनीच्या आवारात ही मुभा नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद योग्यच होता. पण अभिजातता ही भूतकाळाची पावती आहे. भविष्यकाळाचे भाडे ती भरत नाही. आजची मराठी माणसे जे लिहितात, बोलतात, कळवतात ते पन्नास वर्षांनी कोठे सापडेल, याचे उत्तर सध्या तीन-चार कंपन्यांच्या ताळेबंदावर अवलंबून आहे. बहिणाबाईंची गाणी वहीत उतरवणाऱ्या दोघांनी ती वही स्वतःच्या घरात ठेवली होती, म्हणून ती पुढे अत्रे यांच्या हाती पडू शकली. आजच्या शाळांनी, ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी निदान आपली वही आपल्या घरी ठेवावी, आणि तिच्या प्रती मात्र खुल्या हाताने जगभर पाठवाव्यात.